न विरलेला ढग

४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण दुसरं पान वाचून मग फाड. पहिल्या पानावर मी नेहमीसारखा बोलणार आहे. थोडक्यात बोलणं मला जमत नाही, हे तुझी आई चारचौघांत हसून सांगायची. कामाचं दुसऱ्या पानावर आहे.

काल दाजींचा फोन आला. तुझे बाबा आपण होऊन मला फोन करतील असं या जन्मी वाटलं नव्हतं. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले, "पोरीला सकाळी नळ फिरवता येत नाही रे." पुढचं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बोटं सुजतात आणि दुपारपर्यंत उतरतात. उन्हात मोजणीला उभी राहिलीस की नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली चढते, ती चार-चार दिवस जात नाही. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासायला सांगितली. रक्त दिलंस. लघवीची चिठ्ठी त्यांच्या दारातच फाडलीस.

"तू सांग काहीतरी," दाजी म्हणाले. "माझं ऐकत नाही. तुझं तर त्याहून ऐकणार नाही, पण तुला त्यातलं कळतं."

लहानपणी एका जागी उभी राहायची नाहीस म्हणून भिंगरी हे नाव मी ठेवलं. आता तू तिपाईवर यंत्र लावून लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजतेस, तासन्‌तास एका खुणेकडे बघत उभी असतेस. मला तुझा अभिमान वाटतो. तो तुला नको असेल हेही ठाऊक आहे.

आता दुसरं पान.

तुझ्या आईला जो रोग होता त्यात शरीराचं सैन्य शरीरावरच उलटतं. दाह आधी सांध्यांत दिसतो, गालांवर दिसतो. तिथे दुखतं, म्हणून माणूस तिथे मलम चोळत बसतो. मूत्रपिंडात दाह झाला तर दुखत नाही. तिथली गाळणी सुजते, तिची भोकं सैल होतात, आणि रक्तातलं जे प्रथिन बाहेर पडता कामा नये ते लघवीत उतरतं. कळ नाही, ताप नाही. माणूस हसतो, जेवतो, कामावर जातो. आत काय चाललंय ते फक्त त्या बाटलीत कळतं. आणि वेळेवर कळलं तर औषध वाढवता येतं. रोगाच्या आधी पोचता येतं.

उद्या सकाळची पहिली लघवी. स्वच्छ, रुंद तोंडाची बाटली. सुरुवातीची सोडून द्यायची, मधली घ्यायची. दोन तासांच्या आत पोचवायची. एवढंच. यात माझं काही नाही. तुझ्या गावात कुठल्याही प्रयोगशाळेत दे.

मामा


१५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. चार ओळी आहेत, मी चाळीस वेळा वाचल्या.

"मामा, दुसरं पान वाचलं. आई दर सोमवारी ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या मागच्या खिडकीशी उभी राहायची, ते मी विसरलेले नाही. संपातल्या पहिल्या सोमवारी काय झालं ते खरं लिहा. पटलं तर बाटली देईन, नाही तर नाही."

माझ्या मांडीवर बसून मिशा ओढणारी पोर मला 'तुम्ही' लिहिते. चालेल. कमावलेलं आहे.

खरं मागतेस, तर ऐक. संपाचा पाचवा दिवस होता. संप का होता हे तू सोळा वर्षांची होतीस तेव्हा तुला कुणी नीट सांगितलं नसेल. त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही अकरा जण होतो आणि काम तीस जणांचं होतं. दुपारी दोननंतर नळ्या उभ्या ठेवायचे लाकडी घोडे रांगेनं भरलेले असायचे आणि हात संपलेले असायचे. मग काय व्हायचं? नमुना मोरीत ओतायचा आणि वहीत 'काही नाही' लिहायचं. मी स्वतः पाहिलं आहे. कुणाच्या तरी बापाची साखर, कुणाच्या तरी लेकीचं प्रथिन, सगळं एका नळाखाली. आणि वरच्या साहेबांना ते माहीत होतं! त्यांना कागद भरलेला हवा होता, माणूस बरा नको होता.

त्याविरुद्ध मी उभा राहिलो. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून म्हणालो, "ज्या हातानं नळी धरली नाही, त्या हातानं आकडा लिहायचा नाही!" लोक रडले होते, भिंगरी. झाडूवाल्या बाया, परिचारिका, रखवालदार, सगळे.

नियम मीच केला. वॉर्डातले जिवावरचे नमुने तेवढे तपासायचे, एका वेळी एकानं, पाळीपाळीनं. बाहेरचं काही घ्यायचं नाही. ओळखीचं नाही, नात्याचं नाही, साहेबांचं नाही, आपलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क माणसानं, त्यांना आम्ही चष्मेवाले म्हणायचो, शेजारणीची साखर गुपचूप करून दिली. मी त्यांना पायऱ्यांवर सगळ्यांसमोर उभं केलं. फितूर म्हणालो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सोमवारी पाळी माझी होती. तुझी आई आली. घराच्या किल्लीनं तीनदा काच वाजवली, नेहमीसारखी. मी सांगितलं, ताई, संप आहे, नियम सगळ्यांना एक. ती म्हणाली, "बरं," आणि गेली. तिचा नमुना तपासला गेला नाही. संप एकोणीस दिवस चालला. त्यानंतर तिचे पाय सुजले, मग चेहरा, मग मूत्रपिंडं गेली. पुढचे चौदा महिने तू पाहिलेस.

तत्त्वासाठी माणूस किती देतो याची मोजदाद नसते. मी बहीण दिली.

आता दे बाटली.

मामा


२ मार्च

भिंगरी,

तू माझं पत्रच परत पाठवलंस. शेवटच्या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ आणि मागच्या कोऱ्या बाजूला तुझं अक्षर.

"भाषण चांगलं आहे. मी त्या दिवशी आईबरोबर होते. मागच्या जिन्यावर बसले होते. खिडकीतून तुमचा दिवा पेटलेला दिसत होता. आई खिडकीशी दहा मिनिटं होती. 'नाही' म्हणायला दहा मिनिटं लागत नाहीत. आणि तिथून ती मला थेट तलावावर घेऊन गेली. आम्ही होडीत बसलो. दोनदा. इतक्या खुशीत मी तिला नंतर कधी पाहिलं नाही. नकार ऐकून आलेलं माणूस असं हसत नाही, मामा."

मोजणी करणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नये. तो पहिल्यांदा अंतर विचारतो.

तू जिन्यावर होतीस हे मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ. हा शब्द मी आयुष्यात कधी वापरलेला नाही, बघ काय वेळ आली.

मघाशी मी एक अख्खं पान लिहिलं होतं, की दिवा वॉर्डातल्या नमुन्यासाठी लावला होता. ते पान फाडलं. वॉर्डातून त्या सकाळी काहीच आलं नव्हतं.

मी बाटली घेतली. सवयीनं हात पुढे गेला. आत कुणी नव्हतं, अकरा टेबलं आणि मी. नळी पाऊण भरली, चिमट्यात धरली, दिव्यावर वरचा भाग तापवला. वरचाच तापवायचा असतो, म्हणजे खालचं स्वच्छ पाणी आणि वरचं शेजारी शेजारी दिसतं. उकळी फुटायच्या आत ढग आला. साध्या क्षारांनीही ढग येतो, त्यात आम्लाचे दोन थेंब टाकले की तो विरतो. मी दोन टाकले. मग आणखी दोन. मग ड्रॉपर रिकामा केला. तो विरला नाही. घट्ट झाला. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरून नळीच्या बुडाशी बसायला लागला. मागच्या सोमवारी तिथे फक्त धूसर होतं.

तेव्हापासून मी अंडं उकडू शकत नाही. कवच तडकलं की पांढरं पाण्यात येऊन जमतं ना, ते आणि हे एकच. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीबाहेर पाय ठेवायलाही जागा नाही. तरी सोमवारी दहाच्या सुमाराला काच वाजते. तीनदा. मी उठून बघत नाही असं सांगायचं होतं, पण आज खरं लिहायचं ठरवलंय. मी दर वेळी उठून बघतो.

मी वहीत लिहिलं नाही. ज्या माणसानं पायऱ्यांवर ते वाक्य फेकलं, त्यानं नळी धरली आणि आकडा लिहिला नाही. वही संध्याकाळी संपाच्या समितीसमोर जायची. तिथे माझ्या अक्षरात माझ्या बहिणीचं नाव दिसलं असतं, चष्मेवाल्यांना फितूर म्हणून दोन दिवस झाले नव्हते.

तुझ्या आईला मी म्हणालो, नंतर बघू. बस. होडीचं मला माहीत नाही. बरं वाटलं असेल तिला त्या दिवशी. या रोगात असे दिवस येतात.

तू म्हणालीस पटलं तर. पटलं का?

मामा


९ मार्च

भिंगरी,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय, कारण उत्तर आलं तर पुन्हा सोयीचं लिहीन.

परवा चष्मेवाल्यांकडे गेलो. बहात्तर वर्षांचे झालेत. सूनबाईंनी दार उघडलं, आत जाऊन म्हणाल्या, "बाबा, तुमचे ते भाषणवाले आलेत." ते बाहेर आले, मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. मी म्हणालो, माफी मागायला आलोय. ते म्हणाले, "कशाची? शेजारणीच्या साखरेची? ती अजून जिवंत आहे हो. रोज भांडते."

मग मी सोमवारचं सांगितलं. ते मला मध्येच थांबवून म्हणाले, "मला माहीत आहे. दुपारची पाळी माझी होती. तुम्ही नळी घोड्यावरच विसरला होतात. एवढा साका मी वर्षभरात पाहिला नव्हता. शेजारी बाटली होती, बाटलीवर तुमच्या बहिणीचं नाव. मी धुऊन ठेवली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? समितीत मला उघडं पाडायची संधी होती तुम्हाला.

ते खरोखर चकित झाले. "त्यात पाडायचं काय? सख्खी बहीण. तुम्ही तिला त्याच मिनिटाला सांगितलं असणार, तिच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं असणार. वहीत नसेल लिहिलं, पण सांगितलं नसेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

घरी आलो तो पायऱ्या कशा चढलो आठवत नाही. ज्याला मी चारचौघांत फितूर म्हणालो, त्यानं चौदा वर्षं माझ्याबद्दल इतकं चांगलं धरून ठेवलं होतं.

आता तुझं.

मी तुझ्या आईला 'नंतर बघू' म्हणालो नाही. ती खिडकीशी उभी होती. मी नळी टेबलाखाली धरली होती. तिनं विचारलं, "काय म्हणते रे तुझी नळी? भाषण नको, आकडा सांग." आणि मी म्हणालो, "स्वच्छ आहे. जा."

"खरंच?"

"काचेसारखं. या आठवड्यात औषधंही वाढणार नाहीत."

तिनं देवाला हात जोडले. मग हसली. म्हणाली, "मग आज पोरीला होडीत बसवते. कधीची मागे लागलीय. तुझा संप चालू दे, सभापती, आमची सुट्टी." आणि गेली. होडीचं मला माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

हेच मी चौदा वर्षं लपवलं, आणि आज सांगताना सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली. तुझ्याजवळ आईची एक चांगली दुपार आहे, ती मी दिलेल्या खोट्यातून निघाली. ती तुझ्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही. पण तू अंतर विचारलंस. तिचं हसणं खोटं नव्हतं, एवढं लक्षात ठेव. ती तुझ्यासाठीच हसत होती. खोटं माझ्या बाजूचं होतं, खिडकीच्या आतलं.

का केलं? मी स्वतःला सांगितलं, गुरुवारपर्यंत संप मिटेल, तीन दिवसांनी काय होतं? तिला खरं सांगितलं असतं तर ती डॉक्टरीणबाईंकडे गेली असती, त्यांनी विचारलं असतं कुणी तपासलं, आणि तुझ्या आईला खोटं बोलता यायचं नाही. तासाभरात सगळ्या रुग्णालयाला कळलं असतं. पायऱ्यांवरचा माणूस उतरला असता. गुरुवारी संप मिटला नाही. शुक्रवारी वाटलं, आता सांगितलं तर ती विचारेल सोमवारी का नाही. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा मी कुणाला तरी सांगून पाठवलं, की ते नाहीत, संप मिटल्यावर या.

ती वाचली असती का, हे तू विचारलं नाहीस. तरी सांगतो. मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई नंतर एवढंच म्हणाल्या होत्या, की या तीन आठवड्यांत जे गेलं ते परत येत नाही. त्यांना सोमवारचं ठाऊक नव्हतं. मी तिथे उभा राहून मान हलवली होती.

आणखी एक. संप बरोबर होता. आजही पायऱ्यांवर उभं केलंत तर तेच बोलेन. त्यानंतर तिथे नऊ माणसं वाढली, नमुने मोरीत जायचे थांबले, किती लोक त्यामुळे जगले त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. संपानं तुझ्या आईला मारलं असं म्हणू नकोस. ती सोय मी चौदा वर्षं वापरली. आता ती कुणी वापरू नये.

पटलं तर बाटली, असं तू म्हणाली होतीस. ती अट मोड. माझं काहीही न पटता बाटली दे. मला कधी माफ करू नकोस, पण दे. अशा माणसाकडे दे ज्याला तुझं नाव माहीत नाही, ज्याला कुठल्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. जो नळीत बघेल आणि दिसेल ते लिहील. जगात अशी माणसं पुष्कळ आहेत. तुझ्या आईच्या वाट्याला मी आलो.

मामा


३० मार्च

भिंगरी,

पाकीट मिळालं. आत पत्र नाही हे बघायला मी ते तीनदा उलटं केलं. मग कागद उघडला.

लघवीत प्रथिनं, पुढे अधिकची दोन चिन्हं. खाली तपासणाऱ्याची सही, वाचता येत नाही अशी. दोन म्हणजे ढग आहे, पण गुठळी नाही. दोन म्हणजे वेळ आहे. पाठीमागे तुझ्या हातची नोंद: "बारा तारखेला दिली. त्याच दुपारी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुन्हा तपासायचं आहे, मग दर महिन्याला. हा एक कागद तुमचा हक्क म्हणून पाठवला. यापुढचे पाठवणार नाही. बाबांनाही सांगितलंय, मामाला काही कळवायचं नाही. बरं असलं तरी नाही."

बारा तारखेला. म्हणजे माझं पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या सकाळी.

दाजींनी फोन केला होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघं हवापाण्यावर बोललो. ठेवता ठेवता म्हणाले, "तुझी सवय अशी नव्हती रे. गप्प बसायची." मी म्हटलं, शिकतोय.

उन्हात जाताना टोपी घाल. मीठ कमी कर. एखादा महिना अंगात बरं वाटेल, हसायला येईल, तेव्हा तपासणी चुकवू नकोस. तेव्हाच चुकते.

पाठवू नकोस म्हणालीस, ते योग्य आहे. तुझी आई चौदा दिवस काही न कळता हिंडली, तेही आनंदात. मला निदान एवढं माहीत आहे, की मला माहीत नाही.

सहा तारखेला पहिला सोमवार आहे. मी घरातच असेन. फोन दुसऱ्या खोलीत ठेवीन आणि दार लावून घेईन.

मामा